कानानं धरलेली घडी

३ सप्टेंबर १९७२, रविवार

अमेरिका हरली. शंभर मीटरमध्ये. पेपरात बातमी एवढीशी, खताच्या जाहिरातीखाली. रशियाचा बोर्झोव्ह पहिला, वेळ १०.१४. दोन अमेरिकन तर आधीच्या एका फेरीला पोचलेच नाहीत. त्यांच्या कोचजवळ जुनं वेळापत्रक होतं म्हणे. पोरं टीव्हीसमोर उभी, आणि टीव्हीवर त्यांचीच शर्यत लागून राहिलेली.

आज नत्थूच्या चहाटपरीवर जायला नको होतं, पण पाय तिकडेच गेले. दोन वर्षं मी तिथे छातीठोक सांगत आलो की बाकी कशातही कोणीही जिंको, शंभर मीटर अमेरिकेचंच. नत्थूनं कप ठेवला आणि म्हणाला, "काय गा रुपराव, तुह्या अमेरिकेची गाडी चुकली म्हणते." टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो, पण चहा गोड लागला नाही.

यात माझं काय गेलं ते मला सांगता येत नाही. इतवारीत रद्दीच्या दुकानात बसतो, तिथे अमेरिकन मासिकांचा एक गठ्ठा हाती लागला. त्यातून उतरवलेली यादी याच वहीच्या पहिल्या पानांवर आहे. बत्तीस सालापासून छप्पनपर्यंत एकदाही सोनं बाहेर गेलं नाही. साठमध्ये एका जर्मनानं नेलं, तो मी अपघात धरला. चौसष्टला परत अमेरिका, अडुसष्टला परत अमेरिका, ९.९. आता बहात्तरच्या पुढे काय लिहायचं?

आणि दुसरं एक. चार वर्षांपूर्वी ९.९ आणि आता १०.१४. जग हळू झालं काय?

७ सप्टेंबर

पेपर म्युनिकमधल्या खुनांनी भरलेला. पळण्याचं पान आज कोणी उघडलंच नाही.

सकाळी कस्तुरचंद पार्कवर प्रेमिलाला सांगितलं की बायकांमध्येही अमेरिका गेली. तीन ऑलिंपिक त्यांच्याच पोरी पहिल्या, आता पूर्व जर्मनीची.

"मग अमेरिकेची एकबी नव्हती काय?"

"होती. चौथी आली."

"जगात चौथी ना? मले चालते."

तिला याचं काही दुःख नाही. बुटाची नाडी बांधत बांधत बोलत होती. बूट तिच्या मामेभावाचे आहेत, पुढे कापूस कोंबलेला.

ही प्रेमिला देवाजीची पोरगी, अठरा वर्षांची. देवाजी मिलमध्ये आहे. छप्पन साली दीक्षाभूमीवर दोन वर्षांच्या प्रेमिलाला खांद्यावर घेऊन उभा होता. तिनं तेव्हाच माणसांच्या डोक्यांवरून पाहून घेतलं, आता तिला मागे राहणं जमत नाही, असं तो म्हणतो. पावसाळ्याच्या आधी मी पार्कवर रिकामा बसलो होतो, तर हे बापलेक. बाप दोन फळ्या एकमेकींवर आपटायचा, पोरगी पळायची आणि मग दोघं एकमेकांकडे पाहायचे. किती वेळ लागला हे सांगायला कोणीच नाही. माझ्या खिशात दादाजींची, म्हणजे माझ्या आजोबांची, घडी होती, दाबली की चालणारी. त्या दिवसापासून मी अडकलो. तीन महिने एका जागी. महादेवराव, म्हणजे माझा मोठा भाऊ, पारशिवनीला शेती पाहतो. त्याला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

देवाजी कागद घेऊन आला. बिलासपूरला रेल्वेची चाचणी, १६ जानेवारी. खेळाडू मुलींची भरती. शंभर मीटर साडेबारा सेकंदांत किंवा त्याच्या आत पळणाऱ्यांनीच यावं.

"आपली किती हाय?" त्यानं विचारलं.

"बारा पॉइंट सहा, सात."

"मंग होते," म्हणाला. जणू साखरच थोडी कमी पडलीय.

प्रेमिलानं मला विचारलं, "तू डोये मिटून काहून उभा रायतो? झोप लागते काय?" मी तिला समजावलं. दादाजींनी चाळीस वर्षं शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, घडी धरली. पटात एक बैलजोडी सुटली की मागे धूळच धूळ, पलीकडचं टोक दिसतच नाही. जोडी सोडल्याची तिकडची आरोळी कानावर आली की घडी दाबायची आणि मग डोळे उघडायचे. डोळा उगाच घाई करतो, कान करत नाही. दादाजींच्या घडीवर आजवर एकाही जोडीवाल्यानं भांडण केलं नाही.

"मी बैल हाय काय?" ती म्हणाली. पण परत जाऊन रेषेवर उभी राहिली.

८ ऑक्टोबर

बारा पॉइंट चार. दोनदा.

देवाजी शंभर मीटर स्वतः पळत आला, फळ्या हातातच. मी घडी दाखवली. त्याला काटा वाचता येत नाही, तरी बराच वेळ पाहत राहिला. दुपारपर्यंत मिलच्या अख्ख्या लाईनीला, म्हणजे कामगारांच्या चाळीला, कळलं. भीमाबाईंनी, म्हणजे प्रेमिलाच्या आईनं, मला बोलावून पोळी आणि वांग्याची भाजी वाढली. प्रेमिला पलीकडे बसली होती. आई वाढत असताना म्हणाली, "याले अजून एक दे वं माय, डोये मिटून थकला तो."

नत्थूकडे जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "अमेरिकेले कळव."

२० ऑक्टोबर

घोळ झाला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यातून नर्सिंगच्या ट्रेनिंगचं पत्र आलं. मार्चमध्ये भीमाबाईंनी अर्ज करवला होता, सगळे विसरून गेले होते. जागा मिळाली. होकार ८ जानेवारीला स्वतः येऊन सही करून द्यायचा, त्याच दिवशी राहायला जायचं, पहिले दोन महिने सुट्टी नाही. म्हणजे बिलासपूर नाही.

भीमाबाई म्हणतात, "पाय मोडला तर रेल्वे काय करन? नर्सचा पाय मोडला तरी नर्स रायते."

देवाजी म्हणतो, "बारा पॉइंट चार हाय वं. कागदावर साडेबारा मागून राहिले. आपल्यापाशी जास्तच हाय."

प्रेमिलानं संध्याकाळी मला एकट्याला विचारलं, "घडी पक्की हाय ना?"

मी म्हटलं, "पक्की."

"मंग मी पयते."

१२ नोव्हेंबर

रद्दीचं दुकान सोडलं. मालकाशी भांडण नाही, तिथे बसवेना एवढंच. सध्या एका टेंटवाल्याकडे खुर्च्या मोजतो. तेही फार दिवस नाही.

एका जुन्या पेपरात मिळालं की म्युनिकला हातानं घडी धरणारं कोणी नव्हतं, विजेवर चालणारं यंत्र होतं. बंदूक वाजली की यंत्र सुरू. म्हणजे अमेरिका माणसाच्या हातानं जिंकत होती आणि यंत्र आल्यावर हरली. नत्थूला हे सांगितलं. तो म्हणाला, "रशियाच्या पोट्ट्याले पण तेच यंत्र होतं नं गा?"

२६ नोव्हेंबर, रविवार

हे लिहावं की नाही. लिहितो.

टेंटवाल्यानं जरीपटक्याच्या वस्तीत पाठवलं होतं, मी शुक्रवारी तलावाच्या काठी बसलो. पलीकडच्या काठावर एक धोबी. चादर डोक्यावरून घेऊन दगडावर आपटत होता. बघता बघता लक्षात आलं की चादर दगडावर पडते तेव्हा आवाज नसतो. तो ती परत वर उचलतो, तेव्हा धप्प ऐकू येतं.

आधी वाटलं दुसरा कोणी धोबी आहे. उठून पाहिलं. नव्हता. मग घडी काढली. चादर पडताना दाबली, आवाज आल्यावर थांबवली. पाऊण सेकंदाच्या जवळपास. पाच-सहा वेळा केलं. तलावाच्या काठाकाठानं त्याच्याकडे चालत गेलो. जवळ गेलो तसतसा आवाज चादरीच्या जवळ आला. अगदी शेजारी गेलो तेव्हा दोन्ही एकदम.

धोबी म्हणाला, "काय पाहून राहिले?"

मी म्हटलं, "काही नाही."

पार्कवर देवाजी शंभर मीटरवर फळ्या वाजवतो. मी डोळे मिटून ऐकतो. म्हणजे माझी घडी दर वेळी उशिरा सुरू होते.

पटात सगळ्याच जोड्यांना तोच फायदा मिळतो, म्हणून चाळीस वर्षांत एकही भांडण झालं नाही. प्रेमिला कोणत्याच जोडीशी पळत नाही. कागदाशी पळते.

२७ नोव्हेंबर

आज डोळे उघडे ठेवले. फळ्या एकमेकींना लागलेल्या दिसल्या तशी घडी दाबली. बारा पॉइंट सात. दुसऱ्यांदा, बारा पॉइंट सात.

देवाजी तिकडून ओरडला, "किती?"

मी म्हटलं, "चार."

प्रेमिला गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "आज जागा होता तू."

१० डिसेंबर

बेस्याला दादाजींकडे, त्यांच्या गावी गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बाजेवर उन्हात बसलेले. सगळं सांगितलं, धोब्यापासून. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पटात कोणाचं काय गेलं?"

"पटात नाही. पोरीचं."

"मंग पोरीले सांग. माह्यापाशी काहून आला?"

बरोबर आहे. पण दादाजींनी मला काही करू नको म्हणावं म्हणूनच मी गेलो होतो, हे परत येताना कळलं. साडेसात मैल चाललो. वाटेत ऊस खाल्ला.

२३ डिसेंबर

सांगितलं नाही. देवाजीनं लाईनीतल्या सगळ्यांसमोर मला मास्तर म्हटलं. कोणी मला काही म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तिथे कसं सांगणार.

२ जानेवारी १९७३

मनाशी ठरवलं. ८ तारखेला दवाखान्याची सही आहे, रविवारी ७ ला सकाळी घरी जाऊन सांगायचं. देवाजी, भीमाबाई, प्रेमिला, तिघांसमोर. आज लिहून ठेवतो म्हणजे फिरता येणार नाही.

७ जानेवारी, रविवार

सकाळी आंघोळ करून निघालो होतो. खरंच निघालो होतो. मिलच्या चौकात बेस्याची बैलगाडी भेटली. गाडीवाले म्हणाले, आज पट आहे, घडी धरायला दुसरा माणूस आलाच नाही, दादाजी तुझं नाव घेऊन राहिले. दुपारपर्यंत होईल म्हणाले. म्हटलं दुपारी जाऊ, देवाजी रविवारी घरीच असतो.

बेचाळीस जोड्या होत्या. शेवटच्या दोन जोड्यांत फरक कमी, परत पळवल्या. मी डोळे मिटूनच घडी धरली, कारण धूळ फार होती. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या वेळात मला प्रेमिलाची एकदाही आठवण आली नाही. इतकं बरं वाटत होतं. जिंकलेल्या धुरकऱ्यानं, म्हणजे जोडी हाकणाऱ्यानं, फेटा बांधला माझ्या डोक्याला. गाडी परत निघाली तेव्हा दिवस बुडाला होता. लाईनीत पोचलो, तर देवाजीच्या घरी दार लावून घेतलेलं. सकाळी जाऊ म्हटलं.

८ जानेवारी

दहा वाजता पोचलो. भीमाबाई एकट्याच होत्या, तांदूळ निवडत. म्हणाल्या, "गेले ना दोघं नऊलेच. जागा सोडतो म्हणून लिहून द्यायले. न सांगता सोडणं बरं नाही म्हणे हे."

मी रामदासपेठेपर्यंत धावलो. शंभर मीटरच्या कितीतरी पट. दवाखान्याच्या फाटकातून ते बाहेर येत होते. देवाजी म्हणाला, "अरे मास्तर, तुबी आला काय? झालं काम. बाई म्हणे, खाली यादीत चाळीस पोरी हायेत, आजच दुसरीले बोलावते."

मी म्हटलं, "बरं झालं."

१४ जानेवारी, रविवार

आज गाडी. सोबत कांताबाई, प्रेमिलाची आत्या. देवाजीला मिलमधून सुटी नाही मिळाली, पण स्टेशनवर आला. तो पाणी भरायला नळावर गेला आणि कांताबाई डब्यात सामान लावत होती. फलाटावर मी आणि प्रेमिला. तेवढ्यात सांगितलं. धोबी, तलाव, फळ्या, बारा पॉइंट सात. फार पटपट बोललो.

तिनं विचारलं, "केव्हा कळलं तुले?"

"नोव्हेंबरात."

"आठ तारखेच्या आधी सांगायचं नव्हतं?"

"सात तारखेला येत होतो. बेस्याला पट होता."

ती नळाकडे पाहत होती. देवाजी रांगेत तिसरा होता.

"कोणती जोडी जितली?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पाटलाची, पांढरी. सांगितल्यावर कळलं की ते विचारणं नव्हतं.

मी म्हटलं, "आता नको जाऊ. मी बाबांना सांगतो."

"काही सांगू नको," ती म्हणाली. "तुह्या अमेरिकेच्या पोट्ट्यांची शर्यत निघून गेली, ते उभ्यानं टीव्ही पाहून राहिले होते. मी जाऊन पयते तरी." देवाजी पाणी घेऊन आला, तिनं पाण्याचं भांडं घेतलं आणि चढली. खिडकीत बसली ती आतल्या बाजूला तोंड करून.

१६ जानेवारी

दिवसभर चाललो. सक्करदऱ्यापर्यंत गेलो आणि तिथे कशाला आलो ते आठवेना.

१९ जानेवारी

आली. काल संध्याकाळी.

बारा पॉइंट सहा. बंदुकीचा धूर पाहून तीन जणांनी घडी धरली, तिघांची वेळ एकच. साडेबाराच्या खाली दोघीच आल्या, त्या घेतल्या. प्रेमिला तिसरी.

मी देवाजीकडे गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. घरात कोणी गेल्यासारखं. भीमाबाईंनी मला बस म्हटलं नाही. देवाजी मला पाहून म्हणाला, "मास्तर, इथं बारा पॉइंट चार आणि तिथं सहा. घडीत काही फरक?"

मी तोंड उघडणार, तर प्रेमिला चुलीपासून म्हणाली, "घडी पक्की हाय, बाबा. मीच ढिली पयली. घाबरली मी."

माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी बाहेर पडलो. हे तिनं काहून केलं? मला वाचवायला म्हणावं, तर मला वाचवण्यासारखं तिच्यापाशी काय कारण आहे? फलाटावर तर तिला माझ्या तोंडाकडे पाहायचं नव्हतं.

२० जानेवारी

रात्रभर एकच गोष्ट. सकाळी ती नीट कळली.

बारा पॉइंट सात तिची खरी वेळ. बिलासपूरला सहा. दुसऱ्याचे बूट घालून, अनोळखी मैदानावर, माझं ते सगळं ऐकून घेतल्यावर, आयुष्यात सगळ्यात जोरात पळून आली. आणि घरात ती ढिली पडली म्हणून कोणी तिच्याशी धड बोलत नाही.

पारशिवनीच्या पटाचं बोलावणं होतं. बस बाराला होती. बारा वाजता मी देवाजीच्या दारात होतो. त्याची आज दुसरी पाळी, जेवून डबा बांधत होता. प्रेमिला आणि भीमाबाई आतल्या खोलीत.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. घडी मी कानानं धरत होतो. आवाज तुमच्या फळ्यांपासून माझ्यापर्यंत यायला वेळ घेतो. तेवढा वेळ दर वेळी कमी दाखवला. ती कधीच बारा पॉइंट चार पळाली नाही. सातच होती.

देवाजीनं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं.

"तुले केव्हापासून माहीत?"

"चोवीस नोव्हेंबर."

त्यानं बोटांवर महिने मोजले. "म्हणजे दवाखान्याच्या आधी."

"हो."

"तिले माहीत होतं?"

"गाडीत बसायच्या आधी सांगितलं."

"तरी गेली?"

"गेली. आणि सातची सहा करून आली. आपल्याकडे कधी इतकी पळाली नव्हती."

तो उठला. मला वाटलं मारतो. त्यानं दाराला हात लावून म्हटलं, "जाय तू." आवाज मोठा नव्हता. मी चपला घातल्या. दार लागलं.

लाईनीतल्या घरांच्या भिंती एकविटी आहेत, सगळं ऐकू येतं. आत देवाजी भीमाबाईंना म्हणाला, "आयकलं काय वं? पोरगी आजवरच्या सगळ्यात जोरात पयली तिथं." भीमाबाई काहीतरी म्हणाल्या, ते कळलं नाही. मग त्यानं तेच परत सांगितलं, जास्त मोठ्यानं. शेजारची रुख्मिणीबाई सूप घेऊन बाहेर आली. तिसऱ्यांदा सांगितलं ते चार घरांपलीकडे गेलं असेल. बाराची बस गेली होती. मी तिथेच उभा राहिलो, चौथ्यांदा सांगतो काय ते ऐकत.